उजवा कौल

“हौसावहिनी, पाय दाखवा बघू,” रावजी म्हणाले.

मी चक्रावलो. पालीच्या आतल्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात मी नवा डॉक्टर. हौसाबाईंचं हिमोग्लोबिन सात, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. रक्ताच्या कॅन्सरची शंका धरून मी त्यांना मुंबईला पाठवायला निघालो होतो. रावजी आमचे लॅब टेक्निशियन, निवृत्तीला दोन महिने उरलेले. मशीन आल्यापासून त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला कुणी विचारत नव्हतं. तरी त्यांनी रक्ताची काचपट्टी केली होतीच.

हौसाबाईंच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ होता.

“नातू होईस्तवर चपला घालायच्या नाय, असा नवस हाय माजा.”

रावजींनी आधी मला भिंगातून बघायला लावलं. नारिंगी दाण्यांनी ठासून भरलेल्या पांढऱ्या पेशी, इओसिनोफिल, जिथे बघावं तिथे. अहवालात त्यांचा आकडाही छापलेला होता, माझीच नजर त्यावरून घसरली होती. मग त्यांनी हौसाबाईंना भिंगापुढे बसवलं.

“ह्ये कोन?”

“तुमच्याच रक्तातले. मातीतला जंत तळव्यातून शिरतो नि आतड्यात जाऊन रक्त पितो. यांच्यापुढं तो केवढा तरी मोठा, एकट्याला गिळता येत नाय. म्हणून सगळे मिळून त्याला चिकटतात, अंगातले दाणे त्याच्यावर फोडतात. तुम्ही रोज नवे जंत आत घेताय. किती पुरे पडणार?”

“बिचारे,” हौसाबाई म्हणाल्या.

शौचाच्या नमुन्यात त्याच जंताची, अंकुशकृमीची, अंडी सापडली. गोळ्या दिल्या, पण चपलांचं नाव काढू देईनात. मी चिडलो. रावजी मात्र रविवारी त्यांच्याबरोबर देवळात गेले आणि गुरवाला सांगून देवीला कौल लावला: चपलांऐवजी चहा सोडला तर चालेल का? कौल उजवा मिळाला, देवीचा होकार. मला तो माणूस तेव्हा फार मोठा वाटला.

रावजींच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी हौसाबाई तपासणीला आल्या. चपला सवयीने लॅबच्या दाराबाहेर काढत होत्या, रावजींनी पुन्हा घालायला लावल्या. हिमोग्लोबिन अकरा होतं. रावजींनी नवी काचपट्टी लावली, तसा हौसाबाईंनी स्वतःहून भिंगाला डोळा लावला.

“नारिंगीवाले गेले कुटं?”

“काम झालं. गेले.”

“असेच? नारल पन दिला नाय कुनी?”

मी खाली बघितलं. रावजींच्या निरोपाचं केंद्रात कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं, माझ्याही नाही. हौसाबाईंनी पिशवीतून नारळ काढून रावजींपुढे ठेवला.

“तेंच्यासाटी आनलावता. तुमी घ्या.”

रावजींनी सूक्ष्मदर्शक पुसून त्यावर कापड घातलं आणि नारळ दोन्ही हातांनी धरून ते पायऱ्या उतरले.