सपाट तळहात

आक्का बादलीत हात घालून चारा ढवळत होती आणि मास्तर तबेल्याच्या अर्ध्या दारावरून मान बाहेर काढून फुरफुरत होता.

"आलं, आलं. तोंडात दात नाहीत आणि घाई बघा साहेबांची," आक्का म्हणाली. मग स्वतःची कवळी जिभेने नीट बसवत हसली.

मास्तर हा घोडेस्वारीच्या शाळेतला सगळ्यांत म्हातारा घोडा. कितीतरी मुलं त्याच्या पाठीवर बसायला शिकली, म्हणून हे नाव. रडणारं मूल पाठीवर असलं की तो आपणहून पाऊल हळू टाकायचा. आता त्याच्या दाढा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. गवत दिलं की मन लावून चघळायचा आणि शेवटी ओला बोळा खाली टाकायचा. त्यातच दम्याची धाप. मालकांनी आक्काला सांगून ठेवलं होतं, की आपल्या तोंडाने खातोय तोवर राहू दे, पुढे हाल करायचे नाहीत.

म्हणून आक्का रोज वाळल्या गवताच्या कडक गोळ्या आणि कोंडा गरम पाण्यात भिजत घालायची. गोळ्या आतपर्यंत फुगल्या की नाही, हे बघायची तिची रीत एकच. मूठ भरून दाबायची. बोटांना कुठे खडा लागला नाही, की बादली पुढे करायची. शाळेतल्या मुलांनाही ती हेच शिकवायची. त्यांच्या चिमुकल्या मुठी बादलीत बुडवून म्हणायची, डोळे मिटा, डोळे फसवतात, बोटं फसवत नाहीत.

त्या सकाळीही तिने मूठ दाबली. काही लागलं नाही. तिने बादली दिली.

दोन-चार घास झाले आणि मास्तर थांबला. मान लांब ताणली, खोकला, आणि त्याच्या नाकातून हिरवट पाणी वाहू लागलं. घास नरड्यात अडकला होता.

घोड्यांची डॉक्टरीण धावत आली. तीही याच शाळेतली, मास्तरच्याच पाठीवर शिकलेली. तिने नाकातून नळी घातली, थोडं थोडं पाणी सोडून अडकलेला घास मोकळा केला. त्यात दुपार झाली. मग तिने बादलीत हात घातला आणि मूठभर चारा बाहेर काढला. पाणी कमी पडलं होतं; गोळ्या वरून मऊ होत्या, आत कोरड्या, टणक.

"मी बघितलं होतं," आक्का म्हणाली. "दाबून बघितलं होतं गं."

डॉक्टरीण जवळ आली. तिने आक्काचा उजवा हात हातात घेतला आणि बोटं उलटी केली. टोकांवर फोड आले होते, एक फुटलेला.

"आक्का, हे कधी भाजलं?"

आक्का दुसऱ्याच कुणाचा हात असावा तशी बघत राहिली. "भाजलं?"

मग हळूहळू ते सगळं बाहेर आलं. बरेच महिने झाले, बोटंच काय, तळहातही बधिर झाले होते. शर्टाची बटणं लागत नव्हती, सुई हातात धरल्याचं कळत नव्हतं. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बादली दुसऱ्याच्या हातात गेली असती, आणि मास्तर हल्ली दुसऱ्याच्या हातचं खात नसे.

दोन दिवसांनी मास्तरला ताप चढला. अडकलेल्या घासातलं काही फुप्फुसात उतरलं होतं. औषधं दिली, पण त्याला उभं राहणंही जमेना. भिंतीला अंग टेकून तो श्वास ओढत होता. डॉक्टरीण म्हणाली, यातून तो उठायचा नाही, आता हाल थांबवायला हवेत. मालकांनी होकाराची मान हलवली. आक्काने विचारलं ते एवढंच, की आता त्याला काही दिलं तर चालेल का.

"काय द्यायचंय?"

"गाजर."

शाळेत पहिल्यापासून रीत होती, धडा संपला की मुलाने घोड्याला गाजर द्यायचं. मास्तरचं गाजर दाढा झिजल्यापासून बंद होतं. इतर घोडे कुडुमकुडुम खायचे आणि तो कान टवकारून ऐकत राहायचा.

"द्या, आक्का," डॉक्टरीण म्हणाली आणि सुई तयार करायला पाठ फिरवली.

आक्काने गाजर शाळेतल्या लहान मुलींसारखं ओंजळीत धरून आणलं. एक तुकडा दाताने तोडला आणि सावकाश चावू लागली. कवळी हिरड्यांना टोचत होती, तरी पार लगदा होईपर्यंत चावलं. मग तो तिने तळहातावर काढला, बोटं जुळवली, अंगठा आत घेतला. तळहात पाटीसारखा सपाट. मुलांना शिकवायची तसा.

"मास्तर, धडा संपला," ती म्हणाली.

त्याने मान खाली केली. त्याचे ओठ तिच्या तळहाताशी आले. इथे गुदगुल्या होतात, हात मागे घ्यायचा नाही, असं ती प्रत्येक मुलाला सांगत आली होती.

तिने हात मागे घेतला नाही. पण तिला काहीच कळेना. ओठ नाही, मिशा नाहीत, ऊब नाही. त्याने खाल्लं की नाही, हे तिला वाकून बघावं लागलं.

तळहात ओला होता आणि रिकामा.