न फुटलेलं पोतं

“वैष्णवी, ह्यांच्या टावेलाला कांद्याचा वास येतोय बघ.” राजाबाईंनी सुनेपुढे बादलीतून टॉवेल वर काढला. “मार्केट सुटून चार वर्सं झाली. आता कुठला आला वास?”

“आत्या, जुन्या दोस्तांत जाऊन बसत असतील. वास लागणारच,” वैष्णवी म्हणाली आणि वरणभाताचा घास घेऊन शिवतेजच्या मागे पळाली. पोर गॅलरीच्या जाळीवर चढत होतं.

घरातल्या प्रत्येक प्लगला चिकटपट्टी लावणारी, झोपलेल्या मुलाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी ही बाई. पण सासऱ्यांकडे, आप्पांकडे, बघायचं तिला सुचलं नाही. तुर्भ्याच्या मार्केटात उभं आयुष्य पोती वाहिलेला माणूस, त्याला काय होणार?

आप्पा आंघोळीला गेले असताना एकदा त्यांचा फोन वाजला. तिने उचलला.

“काय रे शहाजी, भरतो का आज? का घरी येऊन तमाशा करू?”

आवाज जेमतेम मिसरूड फुटलेल्या पोराचा.

“कोण बोलतंय? अरे-तुरे कोणाला करताय?”

“तू सून काय? सासऱ्याला विचार. कार्डाचे पैसे दाबून बसलाय म्हातारा.”

फोन कट. तेवढ्यात आप्पा उघड्या अंगाने बाहेर आले आणि तिला त्यांची मान दिसली. मानेखाली, खांद्यावर ताजे वळ. एके ठिकाणी कातडी सोललेली.

“आप्पा, तुम्ही परत पोती उचलताय?”

ते शर्ट चढवायला लागले. उजवा हात वर जाईना. राजाबाई मोरीच्या दारात उभ्या होत्या. हातातला टॉवेल त्यांनी नाकाशी नेला.

“बदलीवर जातो,” आप्पा शेवटी म्हणाले. “कुनी रजेवर असलं की.”

“कशासाठी?”

मग हळूहळू निघालं. माथाडी मंडळाकडून निवृत्तीचा हिशेब मिळाला, तेव्हा त्याची एफडी करायला टोळीतले तिघं बँकेत गेले होते. आप्पा, मानसिंग आणि किसन. “टेबलावरची पोरगी म्हनली, आजोबा, ह्ये कार्ड फुकट हाय, अडीअडचनीला व्हईल. फोनवर नंबर आला, त्यो तिला सांगितला. कार्ड तसंच पाकिटात हाय. बाहेरसुदिक काढलं न्हाय.”

“मग पैसे कशाचे भरताय?”

“मेसेज येतो. आकडा असतो. बँकेत जाऊन भरतो.”

“कशाचे ते न विचारता?”

आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच अडाणी होता. “टोळीत पोतं फुटलं की व्यापारी भरपाई मागतो. समद्यांनी वाटून द्यायची. कुनाच्या पाठीवर फुटलं ते इचारायचं नसतं. नाव निघालं की भरायचं. राजवर्धनला बोलू नको हां. रबाळ्याची नोकरी त्याची, आज हाय, उद्या न्हाय.”

नवऱ्याला काय सांगायचं ते ती नंतर ठरवणार होती. आधी तिने सगळे मेसेज वाचले. वार्षिक शुल्क. ‘सुरक्षा कवच’ नावाचा, कोणी न मागितलेला विमा. पहिलं बिल आप्पांना कळलंच नव्हतं, म्हणून उशिराचा दंड. त्यावर व्याज. दोन्हींवर जीएसटी. आप्पा दर महिन्याला भरत होते ती नुसती किमान रक्कम. त्यांना वाटायचं, तेवढंच बिल. मूळचं देणं मात्र जागचं हललं नव्हतं, उलट फुगत होतं. खरेदी एकही नाही. साधी काडेपेटीसुद्धा नाही!

“आप्पा, पोतं फुटलंच नाहीये,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की शिवतेज रडायला लागला.

वाशीच्या शाखेत ती गेली ती मूल कडेवर, आप्पा मागे आणि हातात स्वतः लिहिलेली तक्रार. टेबलामागे निखिल नावाचा हसरा तरुण होता.

“मॅडम, सरांची सही आहे. ओटीपीही दिलाय. टर्म्स वाचायला हव्या होत्या.”

“कुठल्या भाषेतल्या? फुकट सांगून ओटीपी घेतलात. आणि विमा कोणी मागितला? एक खरेदी दाखवा यात. एकच.”

“टेन्शन नका घेऊ. मिनिमम भरत राहिले तरी चालतं.”

“कोणाचं चालतं? तुमचंच ना?” रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. “न मागता गळ्यात मारलेल्या कार्डाचे पैसे लावले तर ते परत करायचे आणि वर दुप्पट दंड द्यायचा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमचा वसुलीवाला म्हाताऱ्या माणसाला घरी येऊन तमाशा करीन म्हणतो, त्याचंही उत्तर हवंय. ही तक्रार. पोच द्या.”

“पोच आम्ही देत नाही. टोल-फ्रीवर कॉल करा.”

“महिन्याभरात निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. ग्राहक आयोगातही जाईन. शिक्का मारा.”

शिवतेजने टेबलावरचा पेनस्टँड पाडला. तिने उचलला नाही.

मॅनेजर आत-बाहेर झाले. थोड्या वेळाने एक कागद आला. कार्ड बंद, उरलेलं सगळं देणं माफ, फक्त आजोबांची सही हवी. वैष्णवीने तो आप्पांना मराठीत वाचून दाखवला: कार्ड ग्राहकाच्या मागणीवरून दिले होते, बँक केवळ सद्भावनेने शुल्क माफ करत आहे.

“करा सही आजोबा, विषय संपला,” निखिल म्हणाला.

आप्पांनी पेन घेतलं. न विचारता भरत आलेला माणूस, आता न विचारता सहीही करणार.

“म्या मागितलं न्हवतं,” आप्पा म्हणाले.

“अहो, फॉर्मॅलिटी आहे नुसती.”

“फुकट म्हनून तुमी दिलं. मी मागितलं असं लिवलं, तर मी खोटा.” त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. “पोरगी शिक्का मारा म्हनाली न्हवं? मारा.”

शिक्का बसला.

पैसे अजून परत आलेले नाहीत. आप्पांनी पोती सोडली, पण हात अजून वर जात नाही. शर्ट राजाबाई चढवतात. मानसिंगच्या फोनवरही तेच मेसेज निघाले, त्याचीही तक्रार वैष्णवीने लिहिली. किसनचा फोन मात्र बंद आहे. आप्पा त्याच्या खोलीवर जाऊन आले. शेजारीण म्हणाली, वसुलीची पोरं दारात बोंबलून गेली, दुसऱ्या दिवशी किसनभाऊंनी खोली सोडली. आहेत तुर्भ्यातच कुठेतरी.

किसन उंच, किरकोळ माणूस आहे. डाव्या पायाने जरा लंगडतो. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तर वैष्णवीचं एवढंच मागणं आहे. दिसले तर थांबवा त्यांना. कार्डाचं, बँकेचं काही काढू नका. ते आपण बघू. आधी जेवलेत का, तेवढं विचारा.