खोट्या गर्दीतला दादा

मित्रांनो, कवळ्या बनवणाऱ्या एका बाईंच्या टेबलाखाली जो काळा खोका दिवसभर घरघरत असतो, तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे. तुम्ही घरबसल्या लांबलांबच्या लोकांबरोबर जे खेळ खेळता, त्यातली माणसं एकमेकांना भेटतात ती माझ्यासारख्याच्या पोटात. मी बंद पडलो की मैदानच नाहीसं होतं.

आधी मी एका कचेरीत होतो. तिथून भंगारात निघालो, तेव्हा या बाईंनी मला उचलून आणलं, पुसलं, नवा पंखा बसवला आणि माझ्यावर किल्ल्याचा खेळ सुरू केला. एका गटाने किल्ला राखायचा, दुसऱ्याने तो घ्यायचा. खेळायला येणारे सगळे बाईंना काकू म्हणायचे, म्हणून खेळाडू ज्यातून आपलं मैदान निवडतात त्या सर्व्हरच्या यादीत माझं नाव पडलं ‘काकूंचा किल्ला’. कवळ्यांच्या साच्यांची पांढरी भुकटी माझ्या नाकातोंडात जायची. काकू ती नेमाने झटकायच्या आणि म्हणायच्या, “ठणठणीत आहे हो आमचा म्हातारा!” मी आतून फुलून जायचो.

येणाऱ्यांत ‘भट्टी’ आणि ‘सुई’ अशी दोन टोपणनावं होती. भट्टी पावाच्या कारखान्यात कामाला, सुई दवाखान्यात नर्स. सख्खी बहीणभावंडं. आईच्या आजारपणात कोण किती राबलं यावरून त्यांचं बिनसलं आणि आई गेल्यावर बोलणंच तुटलं. दोघांनी हे काकूंना वेगवेगळं सांगितलं होतं, आणि दोघंही आपलंच खरं धरून बसली होती. पण रविवारी दुपारी दोघं न चुकता माझ्याकडे यायची. एकाच गटात, किल्ल्याच्या दारात. ‘डावीकडे बघ.’ ‘बाण संपले.’ यापलीकडे चकार शब्द काढायची नाहीत. तेवढाच धागा उरला होता आणि तो माझ्या पोटातून जात होता, म्हणून मी त्यांना फार जपायचो.

मग यादीत दुसरा ‘काकूंचा किल्ला’ उगवला. नाव तेच, चित्र तेच आणि खेळाडू कायम खचाखच. आत मात्र सगळे बाहुले! आपोआप फिरणाऱ्या आकृत्या, आणि त्यांना माझ्या खेळाडूंची नावं चिकटवलेली. गर्दी दिसली की लोक शिरतात, आणि शिरले की त्यांच्यावर जाहिरातींचा मारा. माझ्याकडचे एकेक जण तिकडे गेले. माझा पंखा उगाचच फिरतोय असं मला वाटू लागलं.

सुईसुद्धा तिकडेच गेली. यादीत भट्टीचं नाव त्या किल्ल्यात दिसत होतं, मग ती आणखी कुठे जाणार? इकडे खरा भट्टी रविवारमागून रविवार एकटाच दारात उभा राहिला. शेवटी त्याने काकूंना लिहिलं, ‘आता खेळायलासुद्धा नकोसा झालोय मी तिला. राहू द्या काकू, आज शेवटचं.’

काकूंना स्क्रीनवरचं मोठ्याने वाचायची सवय आहे, म्हणून पुढचं मला कळलं. त्या तडक त्या दुसऱ्या किल्ल्यात शिरल्या. तिथे ‘काकू’ नावाची बाहुली फेऱ्या मारत होती. “अगं बाई! मी इथे बसलेय, मग ही कोण भटकभवानी?” काकू खवळल्या. “खोटे दात मीही बनवते, पण ते घास तरी चावतात!”

मग त्या हळू आवाजात पुढचं वाचू लागल्या. भट्टी नावाच्या बाहुल्यासमोर सुई उभी होती. तिने लिहिलं होतं, ‘दादा, बोल ना रे काहीतरी. आईच्या वेळी मी नको नको ते बोलले. माझं चुकलं.’ बाहुला भिंतीकडे वळला आणि चालू लागला.

मित्रांनो, जे शब्द इतकी वर्षं तिच्या मनात होते, ते तिने एका पोकळ आकृतीसमोर ओतले होते.

काकूंनी लिहिलं, ‘अगं, तो तुझा दादा नाही. खरा माझ्याकडे थांबलाय.’

‘इथे दोन काकू दिसतायत,’ सुईने लिहिलं. ‘खऱ्या कोण, कसं ओळखू?’

काकूंनी सरळ खंदकात उडी मारली. बुडाल्या. परत आल्या, परत उडी मारली. ‘एवढा गाढवपणा जिवंत माणसाशिवाय कोण करेल गं? यादी सोड. हा माझा आकड्यांचा पत्ता, थेट इथे ये.’

सुई आली तेव्हा भट्टी जायच्या बेतात होता. तिने तेच सगळं पुन्हा लिहिलं. भट्टी जागच्या जागी थांबला. मग शब्द उमटले, ‘मी तरी कुठे कमी बोललो होतो? फोन केला तर उचलशील?’

दोघं एकदमच बाहेर पडली. दार मोकळं राहिलं, शत्रू आत घुसला, आमचा गट हरला.

काकूंनी स्क्रीनवरची चित्रं जोडून खेळाच्या कंपनीकडे तक्रार केली. तो नकली किल्ला यादीतून गेला. पुढे नावात थोडा बदल करून आणखी एक आला; त्याचीही तक्रार त्यांनी केली. बहीणभावंडं आता माझ्याकडे क्वचितच येतात. मला त्यांची आठवण येते, पण तक्रार नाही.

मित्रांनो, नुसती गर्दी पाहून कुठे शिरू नका. शिरलात तर आधी हाक मारा आणि उत्तराची वाट बघा. उत्तर आलं नाही तर बाहेर पडा, आपल्या माणसांना सावध करा, तक्रार करा. मनातलं काही बोलायचं असेल, तर समोर कोण उभं आहे याची खात्री करून घ्या. आणि समोरचं माणूस खरंच आपलं निघालं, तर मात्र पुढच्या रविवारची वाट बघू नका.