चाळिसावा कॉम्प्युटर

तुळजापूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या स्वानंदनं खुर्चीतून न उठता चाळीस कॉम्प्युटरांच्या वॉरंटीच्या तारखा गोळा करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. एकोणचाळिसांनी उत्तर दिलं. क्लार्क चंद्रप्रभाबाईंचा मात्र गप्पच. दोन दिवस स्क्रिप्ट उसवूनही चूक सापडेना, तेव्हा स्वारी नाइलाजानं उठून वीस पावलं चालली.

कॉम्प्युटरवर खंडेनवमीचा झेंडूचा हार वाळला होता. बाई वहीत हातानं लिहीत होत्या.

"बंद आहे?"

"दसऱ्यापास्नं. तीनदा सांगितलं की तुम्हाला. तुम्ही म्हणला, बघतो."

कॉम्प्युटरच्या मागचा नंबर त्यानं मोबाइलवर कंपनीच्या साइटवर टाकला. वॉरंटी परवाच संपली होती.

"लई मनाला लावून घेऊ नका," बाई म्हणाल्या. "साहेबांना सांगा, बाईंनी कळवलंच न्हाय."

स्वानंदला मान वर करवेना. चाळिसाव्याचं काय, असं विचारणाऱ्या साहेबांना सकाळीच तो हेच सांगून आला होता.