अकरावं मशीन

आमच्या धुलाई कारखान्यात वाफेच्या इस्त्रीची दहा मशीनं आहेत. कच्च्या टिपणात मी घाईघाईत अकरा लिहिली, कारण एक बंद पडलेलं अजून कोपऱ्यात उभं आहे आणि आम्ही त्यावर डबे ठेवतो. वाफेने हात भाजू नयेत म्हणून कायदा व्हावा, यासाठी आम्ही बाया वर्षभर चपला झिजवत होतो. माझा धाकटा भाऊ आमदारांचा सचिव. ते टिपण मी फक्त त्याला दाखवायला दिलं. "ताई, नजर टाकतो, तू काळजी सोड," म्हणाला. माझ्या कडेवर वाढलेलं पोर, मी डोळे झाकून विश्वास ठेवला. नंतर चूक लक्षात आली, तेव्हा कायद्यासाठी नेमलेल्या समितीला दिलेल्या अर्जात दहाच लिहिली.

सुनावणीत मालक संघटनेचा वकील उठला आणि हसत म्हणाला, "या बाई म्हणतात, अकरा मशीनं. ज्यांना मशीनं मोजता येत नाहीत, त्यांच्या जखमांचे आकडे आम्ही खरे मानायचे?"

अध्यक्षांनी आमचा अर्ज चाळला. "इथे तर दहाच लिहिलीत."

वकिलाने हातातला कागद पाहिला आणि मग मागे बसलेल्या माझ्या भावाकडे रोखून बघितलं. अकरा तर फक्त त्या कच्च्या टिपणात होती.

बाहेर जिन्यात मी भावाला गाठलं. वाटलं, निदान मान तरी खाली घालेल. मेला माझ्यावरच भडकला.

"आकडा बदललास तर मला सांगायचंस ना, ताई! मालकांपुढे माझी काय किंमत राहिली?"