सहा रिकामे खण

मित्रांनो, मी शिवणकामाचा एक जुना, सात खणांचा लाकडी डबा आहे. डब्याची थोरवी तो किती भरला आहे यावरच ठरते, असे माझे ठाम मत होते. ते कसे मोडले, ते ऐका.

सुताराने मला एका उरलेल्या फळीतून घडवले. माझी मालकीण कपडे शिवते. माझ्या पोटात गुंड्या, आकडे, टाचण्या यांची दाटी असे. पुढे तिला स्तनाचा कर्करोग झाला, केमो सुरू झाली, शिलाई यंत्रावर झाकण पडले आणि मी धूळ खात राहिलो.

एके दिवशी तिच्या नवऱ्याने मला पुसले आणि एका वाराला एक खण धरून सोमवारच्या खणात कॅप्सूल ठेवली. तिच्या रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघाले होते. "हे कर्करोगावरचं औषध नाही, ते काम केमोचं. हे हाडांसाठी, आठवड्याला एकच," असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. परंतु सहा रिकामे खण त्याला बघवेनात. त्याने सातही भरले. मी आनंदाने फुगलो!

सोमवारची कॅप्सूल तिने घेतली. मंगळवारी तो दुसरी घेऊन हजर.

"अहो, कालच घेतली ना?"

"एकीने गुण येतो, तर सातांनी सातपट येईल. तू लवकर बरी व्हायला हवीस गं."

"बत्तीस कंबरेला चाळीसची विजार शिवली, तर गिऱ्हाईक खूश होईल? चार पावलांत पायात येईल ती!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "लहानपणी हा रोपालाही बादलीभर पाणी घालायचा. कुजलं बिचारं! आधी दवाखान्यात फोन लाव."

फोनवर परिचारिका म्हणाली, "विचारलंत ते बरं केलंत. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडांना त्रास होतो."

नवऱ्याने पुढच्या आठवड्याची एक कॅप्सूल सोमवारच्या खणात ठेवली आणि बाकीचे सहा खण रिकामे केले. मला तो अपमान वाटला. पण आठवडे सरले, केमो संपली, आणि रक्तातले ड जीवनसत्त्व मापात आले. डोक्यावर कोवळी लव घेऊन मालकिणीने यंत्रावरचे झाकण काढले. केमोमुळे बोटे अजून बधिर होती. सुईत दोरा नवऱ्याने ओवून दिला.

"एकच ओवलात ना?" तिने विचारले. दोघेही खळखळून हसले.

मित्रांनो, माया हवी तेवढी करा. औषध मात्र सांगितले तेवढेच द्या. आज माझ्यात पुन्हा गुंड्या खचाखच भरल्या आहेत. तरीही माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी सेवा कोणती, असे विचाराल, तर मी सहा रिकाम्या खणांकडेच बोट दाखवीन.