एगर्टची खाजरी

गेझीनाने बागेच्या फाटकाची कडी काढली आणि तिथंच थबकली. शेडमागचा कोपरा साफ भादरलेला होता. कमरेएवढी वाढलेली खाजरी, हात लागताच आग उठवणारं ते तण, मुळापाशी छाटून कुणीतरी वर दंताळंही फिरवलं होतं.

एगर्टच्या दफनाला आठवडाही झाला नव्हता. दवाखान्यात पडल्या पडल्या तो बायकोला रोज एकच विचारायचा, अळ्या केवढ्या झाल्या? त्या काळ्या, काटेरी अळ्या खाजरीवरच वाढत. त्यांचीच पुढं पंखांवर मोरपिसाचे डोळे असलेली फुलपाखरं होत. नवरा गेला, निदान त्याची फुलपाखरं तरी उडताना बघू, एवढ्याच आशेनं ती आज ब्रेमेन शहरातल्या, भाड्यानं दिलेल्या छोट्या बागांच्या त्या वसाहतीत आली होती.

शेजारचा डेटमर टोपी हातात घेऊन कुंपणाशी आला. शनिवारी बागमंडळाची पाहणी आहे, दुःखाच्या घरी तणाची नोटीस नको, म्हणून मीच आवरलं, म्हणाला. त्या वसाहतीत ही रीतच आहे. सांत्वनाचं बोलणं कुणाला धड जमत नाही, मग शेजारी येऊन बाग आवरून जातात.

"अळ्या होत्या हो त्यात," गेझीना म्हणाली.

डेटमरचा चेहरा पडला. त्यानं बघितलंच नव्हतं. सगळं सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं.

ती बाकावर बसली. दफनाच्या दिवशी न आलेलं रडू आता आलं, आणि तिनं ते आवरलं नाही.

खाजरी म्हणजे दोघा पुरुषांचं जुनं भांडण. माझ्या वाफ्यात पसरते म्हणून डेटमर कुरकुरायचा, कुंपणातून हात घालून एखादा दांडा छाटायचा, की एगर्टचा तोंडाचा पट्टा सुरू. संध्याकाळी त्याच कुंपणाशी दोघं बिअर घेऊन उभे.

"छाटून झाल्यावर थांबलो होतो मी," डेटमर खाली बघत म्हणाला. "बराच वेळ. कुणी ओरडलंच नाही."

गेझीनाने डोळे पुसले. उठून ती कुंपणाशी गेली आणि एगर्ट धरायचा तशी वरची फळी दोन्ही हातांनी धरली.

"डेटमर, गाढवा, हात शिवशिवतात का रे तुझे? पुन्हा माझ्या खाजरीला हात लावलास तर तंगडं मोडीन."

डेटमरने मान खाली घातली.

"नाही लावणार, एगर्ट," तो म्हणाला, आणि टोपी तोंडावर धरली.